'कोणताही इसम' : कोल्हापुरातल्या एका तालमीच्या घटनादुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या जुन्या शहरातल्या एका पेठेतली ही तालीम आहे. तालमीचं नाव, पेठेचं नाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील मुद्दाम गाळले किंवा बदलले आहेत. मी याच पेठेत वाढलो, शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि एका मुलीच्या सभासदत्वाच्या अर्जावरून घडलेल्या या प्रकरणात मसुदा समितीचा निमंत्रक होतो. म्हणजे मी त्रयस्थ नाही, हे वाचताना ध्यानात ठेवावं.

बाहेरगावच्या वाचकांना एक गोष्ट आधी सांगायला हवी. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता लाल मातीचा हौदा नव्हे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, आणि पेठापेठांतल्या तालमी तेव्हापासून शहराच्या जगण्याचा भाग झाल्या. आज गणपती तालीम बसवते, शिवजयंती तालीम करते, शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा संघ तालमीच्या नावानं उतरतो. कुणाच्या दारात मयत झालं तर तिरडीचं सामान आणायला तालमीचीच पोरं धावतात. 2019 च्या महापुरात आमच्या तालमीच्या हॉलमध्ये दिवसरात्र चूल पेटलेली होती. त्यामुळे तालमीचा सभासद कोण, या प्रश्नाचा खरा अर्थ होतो की पेठेच्या कारभारात कुणाचा शब्द चालतो.

तालमीची मूळ घटना पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या ढालींच्या खाली होती. फुलस्केपची चार पानं, शाई उडून तपकिरी झालेली, टाचणीच्या गंजाचा डाग पहिल्या पानावरून चौथ्यापर्यंत उतरलेला. खाली 27 सह्या आणि 4 अंगठे. सुरुवात अशी होती : 'आम्ही खाली सह्या करणार, पेठेतील रहिवासी, आपखुशीने ठरवितो की...'

हे वाक्य मी ट्रंकेशेजारी बसून तीनदा वाचलं. कागद पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीचा आहे. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याआधी ही माणसं संस्थानची रयत होती. 1939 साली माधवराव बागल, रत्नाप्पाण्णा कुंभार यांनी प्रजा परिषद उभी केली ती जबाबदार राज्यपद्धतीच्या मागणीसाठीच, आणि हेच रत्नाप्पाण्णा पुढे संविधान सभेचे सदस्य झाले. मग 26 जानेवारी 1950 ला देशाचं संविधान अमलात आलं, 1951-52 मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, आणि तांबट, शिंपी, पखाली, मराठा, मुसलमान, सगळ्यांनी एकाच रांगेत उभं राहून मत दिलं. त्या रांगेतून परत आलेल्या माणसांनी आपल्या तालमीसाठी कागद लिहिला, आणि तिथं जे पाहिलं ते इथं उतरवलं : दर तीन वर्षांनी कार्यकारिणीची निवडणूक, जमाखर्चाचं जाहीर वाचन, सभासदत्वासाठी 21 वर्षं पूर्ण. देशात तेव्हा मतदानाचं वय 21 च होतं. 1989 साली 61 व्या घटनादुरुस्तीनं ते 18 झालं. आमचा कागद मात्र 21 वरच राहिला, कारण तो कुणी उघडलाच नाही.

अडचण कुठून सुरू झाली

काही वर्षांपूर्वी वस्तादांनी संध्याकाळी मुलींची कुस्तीची बॅच सुरू केली. तिला पेठेतून विरोध झाला नाही, उलट कौतुकच झालं. त्या बॅचमधली एक मुलगी, तिला इथे 'स' म्हणू, 22 वर्षांची झाली आणि वर्गणी घेऊन सभासदत्वाचा अर्ज द्यायला आली. अर्ज तिसऱ्या दिवशी परत आला. मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं होतं : 'नियमात बसत नाही.'

तिनं साधा प्रश्न विचारला, "कुठला नियम?"

कार्यकारिणीतल्या अकरापैकी एकालाही सांगता येईना. म्हणून ट्रंक उघडली. सभासदत्वाचं कलम असं निघालं : 'पेठेत राहणारा, 21 वर्षे पूर्ण केलेला कोणताही इसम चार आणे वर्गणी भरून सभासद होऊ शकेल.'

इसम. अरबी 'इस्म' म्हणजे नाव, आणि आपल्या जुन्या दप्तरी मराठीत इसम म्हणजे नावाची नोंद असलेली व्यक्ती. 'इसमवार यादी' हा शब्द अजून वापरात आहे. पण पोलिसांच्या 'अनोळखी इसम'मुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे पुरुषच उभा राहतो. एका बाजूनं सांगितलं, इसम म्हणजे कुणीही माणूस. दुसरी बाजू म्हणाली, 'राहणारा' लिहिलंय, 'राहणारी' नाही.

'स'ची आई त्या दिवशी तालमीच्या पायरीवर उभी होती. महापुरात तिनं आणि गल्लीतल्या बायकांनी सलग कित्येक दिवस हॉलमध्ये चपात्या लाटल्या होत्या. ती मला एवढंच म्हणाली, "सर, तवा कुणी इचारलं नव्हतं, कलमात बसतीस का म्हणून."

पहिली चूक

ही चूक आमची होती आणि मीही तीत होतो.

तरुण सभासदांनी गणपतीच्या तयारीची बैठक बोलावली होती. रात्री साडेनऊचा सुमार, हॉल भरलेला. वर्गणीचा विषय संपला तसा एक जण उठला आणि म्हणाला, आता हाही ठराव करून टाकू, 'इसम'च्या जागी 'स्त्री वा पुरुष' लिहू. हात वर झाले, आवाजी मतानं ठराव मंजूर झाला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

घटनेत दुरुस्तीचं कलम होतं आणि ते स्पष्ट होतं : सर्वसाधारण सभा हवी, पंधरा दिवस आधी फळ्यावर विषयासह नोटीस हवी, एकूण सभासदांच्या एक तृतीयांश गणपूर्ती हवी आणि हजर सभासदांच्या दोन तृतीयांशांची संमती हवी. यातलं एकही आम्ही पाळलं नव्हतं. विषयपत्रिकेत फक्त 'गणेशोत्सव नियोजन' होतं.

आठवड्यात हरकतीचं पत्र आलं. देणारे तालमीचे दोन दशकांहून जास्त काळचे अध्यक्ष. सगळी पेठ त्यांना आबा म्हणते. मी रागानंच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा पाजला, मग म्हणाले, "बाई नको, आसं मी म्हणत न्हाई सर. पण रात्री पोरं गोळा करून घटना बदलायची म्हटल्यावर, उद्या दुसरी पोरं गोळा हुतील आन् तुमचंच नाव काढतील. तवा कुठला कागद दाखवशीला?"

तेव्हा मला हे टाळाटाळीचं बोलणं वाटलं. घरी येईपर्यंत कळलं की ते बरोबर आहेत. मी वर्गात शेकडो मुलांना शिकवलं होतं की संविधानात दुरुस्तीसाठी 368 वं कलम वेगळं का ठेवलं : साधा कायदा साध्या बहुमतानं होतो, पण संविधान बदलायला प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश लागतात आणि काही बाबतींत निम्म्या राज्यांची संमतीही लागते. फळ्यावर हे लिहिणारा माणूस स्वतःच्या तालमीत टाळ्या वाजवून मोकळा झाला होता.

समोरचे पर्याय

ठराव मागे घेतल्यावर आम्ही सात जण तीन रविवार बसलो. सातांत आबांच्या बाजूचे दोघे होते. पर्याय चार निघाले.

पहिला पर्याय सगळ्यात सोपा होता. दुरुस्ती नकोच, 'इसम' म्हणजे व्यक्ती असा अर्थ कार्यकारिणीनं लावावा आणि 'स'चा अर्ज घ्यावा. याला आधारही होता. कायद्यांतले शब्द कसे वाचायचे ते सांगणाऱ्या केंद्राच्या 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात (जनरल क्लॉजेस ॲक्ट) म्हटलं आहे की पुल्लिंगी शब्दात स्त्रीलिंगी अर्थ येतो, आणि संविधानाचा अर्थ लावतानाही हा अधिनियम लागू होतो. मला हा युक्तिवाद आवडला होता. पण आमच्यातल्या एका वकिलांनी अडवलं. आज अकरा जणांची कार्यकारिणी अर्थ लावून मुलींना आत घेईल, उद्याची कार्यकारिणी अर्थ लावून बाहेर काढेल. ज्या हक्काला मतदान झालेलं नाही, तो टिकवायला कुणी उभं राहणार नाही.

दुसरा पर्याय आबांच्या बाजूचा होता : महिला विभाग वेगळा काढावा, त्यांची वेगळी समिती, वेगळी वर्गणी, पण सर्वसाधारण सभेत मत नाही. वाईट हेतूनं तो आला नव्हता. 'स'ला विचारलं तर ती म्हणाली, "विभाग नको. नाव एकाच वहीत पाहिजे." हा पर्याय तिथंच संपला. तिला बैठकीला बोलावण्याआधीच आम्ही त्यावर दीड तास चर्चा केली होती, याची मला अजून लाज वाटते.

तिसरा पर्याय कायद्याचा. काही तरुणांचं म्हणणं होतं की संविधानाच्या 15 व्या कलमानं लिंगावरून भेदभाव करायला बंदी आहे, म्हणून सरळ कोर्टात जावं. इथं बऱ्याच सुशिक्षित लोकांचाही गैरसमज असतो, म्हणून जरा थांबतो. 15 व्या कलमाचा पहिला खंड राज्यावर बंधन घालतो, म्हणजे सरकार, महापालिका, शासकीय यंत्रणा यांच्यावर. खाजगी संस्थेला तो सरळ लागू होत नाही. दुसऱ्या बाजूला 19 व्या कलमात संघटना स्थापण्याचं स्वातंत्र्य आहे, आणि 2005 साली एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवण्याचा संस्थेचा नियम मान्य केला होता. 15 (2) मात्र वेगळं आहे. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सरकारी पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या सार्वजनिक राबत्याच्या जागा वापरायला जात, धर्म, लिंग अशा कारणांवरून कुणालाही मज्जाव करता येत नाही, असं ते सांगतं. आमच्या हॉलचा वरचा मजला आमदार फंडातून झालेला. वकिलांच्या मते यातून मुलींना हॉल वापरायचा हक्क कदाचित भक्कम करता आला असता, पण हॉल वापरायला त्यांना आधीच कुणी अडवत नव्हतं. प्रश्न मताचा होता, आणि तिथं हे कलम पोचत नव्हतं.

तर उरला चौथा पर्याय, म्हणजे मूळ कागदानंच घालून दिलेल्या रस्त्यानं दुरुस्ती. वेळ लागणार होता, हरण्याची शक्यता होती. आम्ही हाच धरला. निर्णय सातांपैकी सहांचा होता. सातवा तरुण म्हणाला, हक्काच्या गोष्टीला परवानगी कसली मागायची? त्याचं म्हणणं मला आजही चुकीचं वाटत नाही. पण आबांच्या चहाच्या वेळचं बोलणं माझ्या मनातून जात नव्हतं.

मसुदा

पहिलं काम शाईचं नव्हतं, मोजणीचं होतं. सभासदांच्या वहीत 312 नावं होती. एक तृतीयांश म्हणजे 104 माणसं हजर हवीत. इतकी माणसं सर्वसाधारण सभेला कुणाच्याच आठवणीत आली नव्हती. वही चाळताना कळलं, यातले कितीतरी पंचगंगेच्या घाटावर केव्हाच पोचलेत. मेलेल्या माणसांची नावं जिवंतांची गणपूर्ती अडवून बसली होती.

पण नावं कमी करायची कुणी? ज्याच्या हातात यादी त्याच्या हातात सभा. म्हणून दोन माणसं नेमली, एक आमच्याकडचा आणि एक आबांकडचा, आणि नियम केला की घरच्यांच्या सहीशिवाय एकही नाव कमी करायचं नाही. ते दोघे महिनाभर गल्लोगल्ली हिंडले. 121 नावं निघाली. जे पेठ सोडून फुलेवाडी, कळंब्याकडे राहायला गेले, त्यांची नावं ठेवली, कारण त्यांना काढायचं कलम घटनेत नव्हतं. उरले 191, आणि गणपूर्ती 64 वर आली. या कामानं दोन्ही बाजूंत जेवढा विश्वास तयार झाला, तेवढा माझ्या कुठल्याही भाषणानं झाला नसता.

मग मसुदा. संपूर्ण नवी घटना लिहायची हौस काहींना होती. मी ती होऊ दिली नाही. अंगठे उमटवलेल्या त्या माणसांनी केलेलं काम पुसायचं कारण नव्हतं, आणि पाचच जागी दुरुस्ती लागत होती : सभासदत्व, वय, अध्यक्षपदाच्या मुदती, हिशेबतपासणी आणि दुरुस्तीचं कलम. हिशेबतपासणीत वाद झाला नाही. खजिनदारानंच स्वतःचे हिशेब तपासायचे, ही पद्धत बंद व्हावी असं खुद्द खजिनदारांनाही वाटत होतं.

उद्दिष्टांचा परिच्छेद सजवायला सगळ्यांना सगळ्यात आधी हवा होता. मी त्यांना सांगितलं की संविधान सभेनंही उद्देशिका शेवटाकडे, ऑक्टोबर 1949 मध्ये, बाकीची कलमं झाल्यावर चर्चेला घेतली. काय बांधलंय ते दिसल्यावर पाटी लावावी. शेवटी आम्ही तो परिच्छेद जसाच्या तसा ठेवला. 'आपखुशीने' या शब्दाला हात लावायचं धाडस कुणालाच झालं नाही.

कच्चा मसुदा आम्ही चौकातल्या फळ्यावर लावला आणि खाली खोक्यात कागद-पेन्सिल ठेवली. ही कल्पनाही उचललेलीच. फेब्रुवारी 1948 मध्ये संविधानाचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांपुढे ठेवला होता, आणि पुढे सभेत 7635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या 2473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. आमच्या खोक्यात 41 चिठ्ठ्या पडल्या. एकीत फक्त 'गणपतीला डॉल्बी नको' एवढंच होतं. ती विषयाबाहेरची, पण जपून ठेवली.

याच चिठ्ठ्यांतून सगळ्यात अवघड क्षण आला. नऊ चिठ्ठ्यांत एकच मागणी होती : बायकांना घ्या, पण सभासद 'पेठेतील मूळ रहिवासी' असावा. म्हणजे गडहिंग्लज-चंदगडकडून येऊन भाड्यानं राहणारे, सराफीतले परगावचे कारागीर, सगळे बाहेर. आणि ही मागणी करणारे बहुतेक तेच तरुण होते, ज्यांनी 'स'साठी टाळ्या वाजवल्या होत्या. मोजलं तर ही दुरुस्ती दोन तृतीयांशांनी सहज मंजूर झाली असती.

त्या रविवारी मी मुलांना केशवानंद भारती खटला समजावला. 24 एप्रिल 1973, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा असा निकाल : संसदेला संविधान बदलता येतं, पण त्याची मूलभूत चौकट मोडता येत नाही. एकानं लगेच विचारलं, "मग आपल्या तालमीची मूलभूत चौकट कुठली, सर?" मला उत्तर तयार नव्हतं. पानं पुन्हा काढली. सह्यांच्या यादीत एका नावापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'हल्ली मुक्काम भाड्याने.' कागद फिरवत फिरवत सगळ्यांनी ती ओळ वाचली. मागणी करणाऱ्यांपैकी एकाचं आडनाव तेच होतं. त्याच्या आजोबांचं होतं की नाही ते आम्ही विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. पुढच्या बैठकीत मागणी मागे घेतल्याचं त्यानं स्वतः कळवलं.

तडजोड म्हणून 'पेठेत किमान एक वर्ष वास्तव्य' अशी अट आली. जात, धर्म, लिंग, जन्मस्थान किंवा घराची मालकी यावरून सभासदत्व नाकारता येणार नाही, असं नवं कलम लिहिलं. हे कलम कधीच बदलता येऊ नये, अशी काहींची इच्छा होती. मला तसं बंधन पुढच्या पिढीवर घालणं योग्य वाटलं नाही. शेवटी ठरलं की हे एक कलम बदलायला तीन चतुर्थांश मतं लागतील आणि एका महिन्याच्या अंतरानं दोन सभा घ्याव्या लागतील. दोन सभांची पद्धत आम्ही संस्था नोंदणीच्या 1860 च्या कायद्यातून घेतली. संस्थेचा उद्देश बदलायचा असेल तर तिथं तसंच सांगितलं आहे. रागाच्या भरात घेतलेला निर्णय महिनाभरानं पुन्हा घ्यावा लागला, की बरेच जण शांत झालेले असतात. आम्ही ठरवलं की या वेळच्या दुरुस्त्याही दोनदा मताला टाकायच्या, नियम तसं मागत नसला तरी.

सभा

नोटीस बरोबर पंधरा दिवस आधी लागली, फोटो काढून ठेवला. सभेला 94 सभासद आले. जुन्या वहीप्रमाणे ही सभाच बेकायदा ठरली असती.

मतदान कलमवार आणि चिठ्ठीनं घेतलं, कारण हात वर करताना माणूस शेजाऱ्याकडे बघतो. 94 पैकी 63 मतं हवी होती. सभासदत्वाच्या कलमाला, म्हणजे 'इसम'च्या जागी 'व्यक्ती' आणि 21 च्या जागी 18, बाजूनं 67, विरोधात 22, तटस्थ 5. भेदभावबंदीचं कलम, दुरुस्तीचं कलम आणि हिशेबतपासणी याहून मोठ्या मतानं मंजूर झाली.

अध्यक्षपदाला सलग दोनच मुदती, ही दुरुस्ती पडली. 58 मतं मिळाली, पाच कमी. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इशारा दिला होता की धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणात ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. तो उतारा माझ्या खिशात होता. मी वाचला नाही. समोर आबा बसले होते. ते हुकूमशहा नव्हते, तालमीसाठी स्वतःचं घर गहाण टाकलेला माणूस होता तो. त्यांच्यासमोर तो शब्द मला उच्चारता आला नाही. हा निर्णय बरोबर होता की माझी भीड होती, यावर माझं मत अजून दोन बाजूंना जातं.

महिन्यानं दुसरी सभा झाली. 88 हजर, सभासदत्वाच्या कलमाला बाजूनं 66, विरोधात 17, तटस्थ 5. आबांनी पहिल्या सभेत विरोधात मत दिल्याचं सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या सभेनंतर त्यांनी वही मागवली, 'स'चा जुना अर्ज, पेन्सिलीचा शेरा असलेला, स्वतः काढला, शेऱ्यावर रेघ मारली आणि खाली सही करून तारीख घातली.

काय घडलं

दुरुस्तीची कागदपत्रं धर्मादाय कार्यालयात दाखल केली. पुढची निवडणूक झाल्यावर बदललेल्या कार्यकारिणीचा चेंज रिपोर्ट 90 दिवसांच्या मुदतीत दिला. त्याचं काम चालू आहे.

पहिल्या वर्षात 17 बायका सभासद झाल्या. मला जास्त वाटल्या होत्या. घरोघर विचारल्यावर कळलं की सभा रात्री नऊला असते, आणि ती वेळ जेवणाची भांडी घासायची असते. कलम बदललं, घड्याळ तेच राहिलं. आता सभा रविवारी दुपारी चारला असते. 'स'ची आई सभासद झाली, 'स' कार्यकारिणीत निवडून आली. अकरात एकटीच. तिनं पहिल्याच बैठकीत महापुराच्या वेळच्या धान्याचा हिशेब वेगळा का लिहिला नाही, असं विचारलं, आणि तो आता लिहिला जातो.

विरोधात मत दिलेल्यांपैकी कुणीही तालीम सोडली नाही. शहरात मंडळं फुटून एका चौकात दोन गणपती बसल्याची उदाहरणं सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून हे मला महत्त्वाचं वाटतं. हरलेल्यांतल्या एकानं सांगितलं, "हरलो, पण मोजून हरलो." पहिल्या रात्रीचा ठराव टिकला असता, तर त्याला हे म्हणता आलं नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

'स'ला पहिल्याच रविवारी बोलवायला हवं होतं. जिच्या अर्जावरून सगळं सुरू झालं, तिच्याबद्दल सात पुरुष दीड तास बोलले. मसुदा समितीत आम्ही तिला दुसऱ्या महिन्यात घेतलं, तोवर चौकट आखून झाली होती. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ते उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं, तासाभराच्या अंतरावरचं. तिथं जाऊन, ठराव मांडताना बायकांशी बोलणं कसं झालं, एवढं तरी विचारून यायला हवं होतं. आम्ही दिल्लीच्या संविधान सभेपर्यंत गेलो, पण शिरोळला गेलो नाही.

अध्यक्षपदाच्या मुदतींची दुरुस्ती बाकीच्यांसोबत आणायला नको होती. ती आबांविरुद्ध आहे असं दिसलं, आणि दिसणारच होतं. 'पुढच्या अध्यक्षापासून लागू' एवढी ओळ घातली असती, तर पाच मतं मिळाली असती असं मला वाटतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या दोन मुदतींची 22 वी दुरुस्ती 1951 साली झाली, तेव्हा पदावर असलेल्या अध्यक्षांना तिच्यातून वगळलं होतं. हे मला माहीत होतं. वेळेवर आठवलं नाही.

आणि एक गोष्ट अजून सुटलेली नाही. 'एक वर्ष वास्तव्य' ही तडजोड आम्ही घाईत लिहिली, वास्तव्याचा पुरावा काय ते लिहिलं नाही. मागच्या महिन्यात एका कारागिराचा अर्ज आला. दीड वर्ष पेठेत राहतो, पण भाडेकरार नाही आणि आधार कार्डावर पत्ता गावाकडचा. घरमालक लिहून द्यायला तयार नाही, कारण मग भाडं कागदावर येतं. कार्यकारिणीत पाच विरुद्ध पाच झालं, एक जण गैरहजर होता. अर्ज परत पाठवलेला नाही. शेजारच्या दोन सभासदांनी ओळख पटवून दिली तर चालेल, अशी दुरुस्ती 'स'नं लिहून दिली आहे. नोटीस फळ्यावर लागली आहे, सभेला अजून नऊ दिवस आहेत.